सात दिवसांचा ओव्हरटाइम

मे महिन्यात अण्णांच्या अंगणात शिरायचं तर चप्पल फाटकाबाहेर काढावी लागते. आत कुणी आजारी नसतं. पाण्याच्या टाकीमागं, गोणपाट अंथरलेल्या पाटीत काळी कोंबडी खुडूक बसलेली असते आणि तिच्यासमोर स्टुलावर अण्णा. मनगटावर घड्याळ, मांडीवर वही.

अण्णा सोलापुरातल्या एका कापडगिरणीत टाइमकीपर होते. गिरणी गेली, भोंगा गेला, टाइमकीपर तेवढा उरला. मुलगा पुण्याला गेला आणि अक्कांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मला मस्टरवर घेऊ नका." मग हजेरी घ्यायची कुणाची? कोंबड्या आल्या.

गिनी फाउल आले ते नागामुळं. टाकीमागं नाग निघाला तेव्हा कुणीतरी सांगितलं, हे पक्षी पाळा, अनोळखी काही दिसलं की गल्ली डोक्यावर घेतात. घेतात खरंच. नाग, दूधवाला, मीटर बघणारा आणि मी, सगळ्यांवर एकाच आवेशानं ओरडतात. शेजारच्या पेन्शनरांची मात्र तक्रार नाही. पहाटे ओरड सुरू झाली की ते पहिल्या पाळीला निघाल्यासारखे ताडकन उठून बसतात.

बरेलीजवळच्या इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे. तिनं या पक्ष्याचे तीन वाण काढले आणि त्यांना नावं दिली कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी. अण्णांकडं कादंबरी आहे, करड्या अंगावर मोत्यासारखे ठिपके. त्यामुळं गल्लीत कुणी विचारलं, अण्णा सध्या काय करतात, तर उत्तर येतं, कादंबरी उबवतात. माझी नऊ वर्षं तिसऱ्या प्रकरणात अडकली आहे, म्हणून हा विनोद मला मुद्दाम ऐकवला जातो. मी सांगतो, बाणभट्टाचीही अर्धीच राहिली होती, पुढची पोरानं पुरी केली.

गिनीच्या मादीचंही तसंच. अंडी घालते ती झुडपात लपवून. मन लागलं तर बसते, नाहीतर उठून जाते. पिल्लं निघालीच तर पहिल्याच दिवशी त्यांना ओल्या गवतातून फिरवते, आणि ती गारठून मरतात. "कॅज्युअल कामगार आहे ओ ती," अण्णा म्हणतात. "परमनंट म्हणजे ही." ही म्हणजे काळी.

म्हणून गिनीची अठरा अंडी काळीखाली सरकवली. रात्रीच, कारण अंधारात कोंबडी हिशेब मागत नाही. वळवाच्या गडगडाटानं अंडी वाया जातात अशी समजूत, म्हणून अक्कांनी पाटीत एक लोखंडी खिळा ठेवला. अण्णांनी तोही वहीत चढवला.

काळी दिवसातून एकदाच उठायची. दाणा, पाणी, धुळीत दोन लोळण्या, की परत. नेम सतरा मिनिटांचा. एकदा सव्वीस झाली तेव्हा अण्णांनी लाल शाईनं खूण केली. पण दुपारी पारा त्रेचाळिसाला टेकला, ती चोच उघडून धापा टाकायला लागली, तशी ती खूण त्यांनी स्वतःच खोडली आणि टाकीवर ओलं पोतं टाकलं.

खरा पेच पुढंच होता. कोंबडीचं अंडं एकविसाव्या दिवशी फुटतं, गिनीचं सव्वीस ते अठ्ठावीस दिवस घेतं. काळीला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. एकवीस दिवसांच्या बोलीवर तिला बसवलं आणि गुपचूप आठवडा वाढवला, हे अण्णांच्या जिवाला लागलं. बाविसाव्या दिवशी त्यांनी दुप्पट ज्वारी टाकली.

"हे कशाला?"

"फॅक्टरी ॲक्ट, 1948," अण्णा म्हणाले. "ओव्हरटाइमला दर दुप्पट."

"खुडूक कोंबडी एरवीच खाईना," अक्का आतून म्हणाल्या, "आणि तुम्ही दुप्पट टाकायलाव. मुंग्या खायलेत की सगळं!"

अण्णांनी वहीत लिहिलं: दिले. घेतले नाही.

सत्ताविसाव्या रात्री अंड्याला टोच पडली. सकाळपर्यंत तेरा पिल्लं, तपकिरी पट्ट्यांची, चोच आणि पाय नारिंगी. काळीनं मान वाकडी करून एका डोळ्यानं बघितलं, दुसऱ्याच्या मागावरचं कापड तपासावं तसं. मग पंख उचलला आणि सगळा माल आत घेतला. तिचं कुकुक् पिल्लांना आधी कळेना, म्हणून दोन दिवस सगळ्यांना डालग्याखाली कोंडलं. पाणी बशीत, आणि बशीत खडे, कारण ही पिल्लं इतकी चिमुकली की चहाच्या बशीतसुद्धा बुडतात. मृगाच्या पावसात दोन गेली. त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत आणि वही कपाटात ठेवून दिली.

वही परत निघाली श्रावणात. संध्याकाळी मी गेलो तर अकरा पोरं लिंबाच्या उंच फांदीवर रांगेनं बसलेली. खाली काळी, मान वर करून कुकुक् करत बुंध्याभोवती फिरत होती. दोनदा तिनं उडी मारली, पहिल्या बेचक्यापर्यंतसुद्धा पोचली नाही. वरून एकानंही खाली बघितलं नाही. पुण्याच्या फोनची वेळ टळून गेली होती, हे अक्कांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

अण्णांनी बॅटरी वर मारली, अकरा मोजले, मग उजेड खाली काळीवर आणला. काळी अजून फिरतच होती. अण्णांनी घड्याळ बघून लिहिलं: सात दहा. पिल्ले झाडावर. काळी हजर.