जनित्राचे हळदकुंकू

फैजपुरात पेट्रोलवर चालणाऱ्या सुटसुटीत जनित्राची, म्हणजे मांडववाल्यांच्या बोलीतल्या जनरेटरची, देखभाल वर्षातून एकदाच आणि तीही खंडेनवमीला होते, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. त्या दिवशी यंत्राला हळदकुंकू, झेंडूची माळ आणि नारळ मिळतो. मात्र इंजिनातले वंगण साधारणपणे दर १०० तासांनी, आणि नव्या यंत्रात तर पहिल्या २० तासांनंतरच, बदलायचे असते, हे सांगणारी पुस्तिका खोक्यासकट रद्दीत गेलेली असते. हवा गाळणारा फोम धुवून, वाळवून, तेलात भिजवून पिळून पुन्हा बसवायचा असतो; प्रत्यक्षात काळ्या मातीच्या धुळीने तो तुंबला की काढून फेकला जातो आणि यंत्र ‘मोकळे चालते’ असा निर्वाळा दिला जातो, ज्याची वसुली सिलिंडर यथावकाश करतो. लग्नसराईनंतर टाकीत राहिलेल्या पेट्रोलची राळ होऊन कार्बोरेटरमधले जेट, म्हणजे इंधन मोजून सोडणारे केसाएवढे छिद्र, बुजते. मग ऐन मंगलाष्टकांत दोरी ओढून वऱ्हाडी घामाघूम होतात आणि शिव्या वीज कंपनीला बसतात. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन ज्या गावाने नंदलाल बोसांनी सजवलेल्या बांबूच्या मंडपात पार पाडले, तेथे मंडप, भोजन आणि सत्कार यांच्या समित्या आजही तत्परतेने नेमल्या जातात. प्लगचा पाना कोणाकडे असावा, हे ठरवणारी समिती तेवढी व्हायची आहे.