दोन तासांच्या आतला माणूस

रिफंडभाऊंची ओळख करून द्यायची गरज नाही. कोथिंबिरीची जुडी सोडून काडी काडी बघणारे, चपला पंधरा दिवस वापरून 'चावते' म्हणून दुकानात परत नेणारे, रसवंतीत अर्धा ग्लास पिऊन 'बर्फ जास्त झाला' म्हणणारे तुम्ही पाहिलेलेच आहेत. आमच्या दिघोरीचा हा गडी त्याच कुळातला, पण परत करतो ते व्हिडिओ गेम. विकत घेतो, खेळतो, चुका काढतो आणि पैसे वापस मागतो. खरं नाव रेशनकार्डावर आहे, ते तिथेच राहू द्या. गावाच्या तोंडी तो रिफंडभाऊच.

त्याच्या साऱ्या तत्त्वज्ञानाचं मूळ एका नियमात आहे. स्टीम नावाचं संगणकावरच्या गेमांचं एक मोठं ऑनलाइन दुकान आहे. २०१५ च्या जूनपासून तिथे सोय आहे की गेम घेऊन १४ दिवस झाले नसतील आणि खेळून दोन तास झाले नसतील, तर कारण काहीही असो, पैसे परत मिळतात. जगभरच्या पोरांनी हा नियम वाचला आणि गेमपुरता ठेवला. रिफंडभाऊनं तो सगळ्या आयुष्याला लावला.

आधी नाटकाचंच घ्या. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत नाटक अर्धवट सोडणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावजत्रा, सुरू होतात, पुढे बैलांचे शंकरपट, आणि वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरू लागतात. रात्री दहाच्या सुमारास पडदा वर गेला की उजाडेपर्यंत माणूस घोंगडी पांघरून बसतो. आमचा भाऊ बाराला दहा कमी असताना उठतो. पहिल्या वर्षी मी त्याचा हात धरला. म्हटलं, "अरे, अजून खलनायक यायचाय."

"दोन घंट्यात आला नाई ना, सर? मंग माह्या हिशेबानं त्यो नाटकातच नाई."

आणि गेला तो सरळ तिकिटाच्या टेबलापाशी. माईक दोनदा कुईं केला, नायिका दुसऱ्या प्रवेशात भलत्याच साडीत आली, विंगेतल्या माणसाचा हात दिसला. तिन्ही गोष्टी वेळेसकट वहीत लिहिलेल्या. मंडळाच्या पोरांनी वही नीट वाचली आणि त्याला पुढच्या वर्षी पडदा ओढायचं काम दिलं. तेही त्यानं केलं. दोन तास.

लग्नांत याहून वाईट. पत्रिकेवर गोरज मुहूर्त, आणि नवरदेवाचे मित्र आठ वाजले तरी डीजेपुढून हलत नाहीत. बाकीचे पाहुणे घामाघूम होऊन मांडवात बसतात. रिफंडभाऊ आहेराचं पाकीट वरच्या खिशात ठेवतो आणि घड्याळ लावतो. दोन तासांत पंगत बसली तर पाकीट नवरदेवाच्या हातात, नाही बसली तर पाकिटासकट घरी. यात त्याचा तोटा कधी झाला नाही. वधूपित्यांचाही झाला नाही, कारण पाकिटात एकावन्न रुपये असतात.

स्वतःसाठी मुलगी बघायला गेला तेव्हा पावणेदोन तासांनी यानं मनगटाकडे पाहिलं. मुलगी हुशार होती. तिनं दहाव्या मिनिटालाच मामाला आत बोलावून नकार कळवला होता; मामा बिचारा एवढा वेळ पोहे संपायची वाट बघत होता. भाऊला त्याचा राग नाही. उलट आदर आहे. "दहा मिनिटात बग सापडला तिले," असं तो अजूनही सांगतो; गेममधल्या चुकीला बग म्हणतात.

आता मूळ धंद्याकडे येतो.

२०२० च्या टाळेबंदीत तो पुण्याहून आला तो एक भलामोठा संगणक घेऊन. मायनं पोराचे गाल बसलेले पाहिले आणि मग त्या खोक्याकडे पाहिलं. तेव्हापासून तिचं आणि खोक्याचं जमलेलं नाही. खोक्याला लागते वीज, आणि गेमला लागतो डेटा. त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या 'सायबरपंक २०७७' ला किमान ७० जीबी जागा हवी होती. मोबाइलचा पॅक रोजचा दोन जीबीचा. म्हणजे इकडचं तिकडचं काहीही न बघता गेम घरात यायला पस्तीस दिवस, आणि परतीची मुदत १४ दिवसांची! माल उंबरठ्यात पोहोचायच्या आत वापस करायची तारीख टळणार. हे गणित भाऊनं मला फळ्यावर मांडून दाखवलं. मी पस्तीस वर्षं गणित शिकवलं, इतकं करुण उदाहरण माझ्या पुस्तकात नव्हतं.

त्यावर त्यानं तोड काढली. साकोलीच्या एका मित्राकडे फायबरचं कनेक्शन आहे. मोटरसायकलवर दोघांच्या मधोमध, नव्या नवरीसारखा शालीत गुंडाळून संगणक साकोलीला जातो, रात्रभरात पोट भरून घेतो आणि सकाळी दिघोरीला परत येतो. मग गेम सुरू.

असा एक गेम मी शेजारी बसून पाहिला आहे. नाव घेत नाही, कारण त्या कंपनीकडे वकील असतील आणि माझ्याकडे फक्त पेन्शन आहे. पहिला पाऊण तास नायकाचं नाक ठरवण्यात गेला. लांब, आखूड, चपटं, पोपटाचं. हा वेळही दोन तासांतच मोजतात हे ऐकून मीच म्हटलं, "अरे, देऊन टाक कोणतंही नाक!" मग नायक घोड्यावर बसला आणि घोडा कौलांवर चढला. तिथून उतरेना. नायक खाली उतरला तर रस्त्यात कमरेपर्यंत रुतला. मेलेला शिपाई उठून उभा राहिला आणि भिंतीशी बोलू लागला. मी हसून हसून पडलो. रिफंडभाऊ हसला नाही. वहीत लिहीत होता: किती वाजता, कुठे, काय केल्यावर झालं, पुन्हा तसंच केलं तर पुन्हा होतं का. हो, तो मुद्दाम पुन्हा जाऊन रुतून बघत होता. एक तास बावन्न मिनिटांवर त्यानं गेम बंद केला आणि अर्ज धाडला.

हे मला तेव्हा विचित्र वाटलं. ज्याला पैसे वापस हवेत तो 'आवडला नाही' एवढं लिहून मोकळा होईल, तेवढ्यानं भागतं. हा दीड पान लिहीत होता. पुन्हा पुन्हा परत करणाऱ्यांची सवलत दुकान काढून घेऊ शकतं, असं त्या नियमांतच म्हटलं आहे; तशी समजही त्याला एकदा मिळाली. ती त्यानं छापून घेतली आणि देवघराशेजारी लावली.

पैसे आले की तो पासबुक भरायला बँकेत जातो. त्याच्या पासबुकाइतकं निर्लेप पासबुक जिल्ह्यात नसेल. जेवढे गेले तेवढेच आले, ओळीखाली ओळ.

रिफंडाचं पुराणही त्याला पाठ आहे, आणि पारावर ते ऐकावं लागतं. १९८२ च्या नाताळासाठी अटारी कंपनीनं 'ई. टी.' सिनेमाचा गेम पाचेक आठवड्यांत उरकून बाजारात आणला. तो इतका फसला की पुढच्या वर्षी न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराडेपोत पुरावा लागला. २०१४ मध्ये लोकांनी तो उकरूनही काढला. ऑस्ट्रेलियात पैसे परत मिळण्याच्या हक्काबद्दल ग्राहकांची दिशाभूल केली म्हणून स्टीमच्या मालकांनाच, व्हॉल्व्ह कंपनीला, २०१६ साली तिथल्या न्यायालयानं ३० लाख डॉलर दंड ठोठावला. ही कथा तो विशेष रंगवतो. आणि शेवटी पोलंडच्या कंपनीचं महाभारत: १० डिसेंबर २०२० ला सायबरपंक आला, जुन्या यंत्रांवर चालेना, आणि आठवडा होतो न होतो तोच सोनीनं तो आपल्या प्लेस्टेशनच्या दुकानातून काढून टाकून लोकांना पैसे परत देऊ केले. पुन्हा तो दुकानात दिसला थेट पुढच्या जूनमध्ये. पारावरचे म्हातारे हे सगळं माना डोलावत ऐकतात. एकानं विचारलं, "मंग त्यायनं धानाचा बोनस देल्ला का?"

एका संध्याकाळी मी त्याला सहज विचारलं, "इतक्या ढोबळ चुका सुटतात कशा रे? विकायच्या आधी कोणी बघत नाही?"

तो बराच वेळ वहीची शिवण कुरतडत बसला. मग म्हणाला, "मीच पाहत होतो ना, सर."

पुण्यात तो काय करायचा हे आम्ही कोणी विचारलंच नव्हतं. 'कंपनीत' म्हटलं की गावाचं समाधान होतं. तो गेम तपासायचा. रात्रपाळी, कंत्राटावर. एकच जिना शेकडो वेळा चढायचा, एकाच भिंतीवर डोकं आपटत राहायचं, कुठे आरपार जातं ते लिहायचं. लिहिलेलं वर जायचं आणि वरून उत्तर यायचं की माहीत आहे, तरी जाऊ द्या, तारीख जाहीर झाली आहे. गेम बाजारात यायचा. मग लोक लिहायचे की हे आंधळ्यांनी तपासलं का. गेम पूर्ण खेळून संपला की बनवणाऱ्यांच्या नावांची लांबच लांब यादी पडद्यावर सरकते. पहिला गेम आला तेव्हा त्यानं शेवटपर्यंत बसून ती यादी पाहिली. चहा देणाऱ्याचं नाव होतं, म्हणाला. कंत्राटावरच्या पोरांची नव्हती.

त्यानंतर त्यानं एकही गेम शेवटपर्यंत खेळलेला नाही.

जानेवारी २०२१ मध्ये सायबरपंकवाल्या कंपनीचे सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी व्हिडिओ काढून माफी मागितली. त्यात ते म्हणाले की लोकांना ज्या अडचणी आल्या त्यातल्या बऱ्याचशा आमच्या चाचण्यांत दिसल्या नव्हत्या. तो व्हिडिओ भाऊनं मोबाइलवर जपून ठेवलाय. मला दाखवताना नेमका त्या वाक्यावर थांबवला.

"दिसल्या नवत्या म्हंते. कोन्या तरी पोट्ट्यानं लिवलंच असन ना, सर."

खरं-खोटं त्या कंपनीला ठाऊक. पण दीड पानाचा अर्ज हा का लिहितो ते मला त्या संध्याकाळी कळलं. पैसे परत द्यायची पाळी आली की तो कागद कोणीतरी वाचतं, असा त्याचा भाबडा समज आहे. मी तो मोडायला गेलो नाही. हा माणूस अजूनही माझ्या डोक्यात जातो, आमच्याकडच्या तेरवीतूनही तो एक तास पंचावन्न मिनिटांनी उठला होता. पण त्याच्या वहीला मी आता हसत नाही.

गेल्या खरिपात तर ती वही आमच्याच आळीच्या कामी आली. एका म्हाताऱ्या शेजाऱ्यानं विकतचं धानाचं बियाणं आणलं. पऱ्हे चांगले झाले, रोवणी झाली, सगळं हिरवंगार. आणि निसवायच्या वेळी अर्धी बांधी आधीच निसवली, अर्धी नुसती उभी. भेसळ. इथे दोन तासांचा नियम कामाचा नाही. बियाण्याचा बग कळायला तीन महिने लागतात आणि तोवर मजुरी, खत, पाणी सगळं मातीत गेलेलं असतं. रिफंडभाऊ वही घेऊन बांधीत उतरला. कोणत्या ओळीत किती झाडं, उंची किती, कोणत्या तारखेला निसवली, फोटो, पिशवीवरचा टॅग, पावती. तालुक्याची समिती पाहणीला आली तेव्हा त्यातल्या साहेबांनी ती पानं उलटून पाहिली आणि विचारलं, "तुम्ही कृषी पदविका केली का?"

"नाई जी. व्हिडिओ गेम."

कंपनी म्हणाली, पुढच्या हंगामाला नवीन पिशव्या देऊ. "हे पॅच, म्हंजे ठिगळ, देऊन राह्यले, सर," भाऊ म्हणाला, "पयले पैसे!" आणि म्हाताऱ्याच्या नावानं त्यानं भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. सदोष बियाण्यासाठी शेतकऱ्याला ग्राहक म्हणून दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात सांगून ठेवलं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तर तक्रारदार राहतो तिथल्याच आयोगात जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फीसुद्धा लागत नाही. हे सगळं त्यानं मला सांगितलं. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासले. प्रकरण चालू आहे, तारखा पडत आहेत.

तुमचंही बियाणं फसलं असेल तर पिशवी फेकू नका. टॅग, पावती आणि उरलेलं मूठभर बियाणं घेऊन दिघोरीला या, रिफंडभाऊचं घर कोणीही दाखवेल. फक्त बोलणं लांबवू नका. त्याच्याकडे तुमच्यासाठी दोन तास आहेत.