ट्रेबल कुठाय?

रॉक कन्सर्टला येणारी माणसं तुम्हाला माहीतच आहेत. मैत्रिणीला खांद्यावर बसवून मागच्या दहा जणांचं स्टेज झाकणारा. अख्खा कार्यक्रम मोबाइलच्या पडद्यावर बघणारा. एकच गाणं माहीत असलेला आणि पहिल्या मिनिटापासून त्याचीच फर्माईश ओरडणारा. हे सगळे परवडले. एका जागी उभे तरी राहतात. काका राहत नाहीत.

काका म्हणजे कोण ते सांगत बसत नाही, तुमच्याकडेही एक असतीलच. साठी ओलांडलेले, सरकारी बँकेतून निवृत्त झालेले, अंगात २००७ सालच्या आयर्न मेडनचा काळा टी-शर्ट. टी-शर्ट तेवढाच राहिला आणि काका वाढले, त्यामुळे छातीवरचा एडी, म्हणजे त्या बँडचा तो सुप्रसिद्ध सांगाडा, आताशा चांगला बाळसेदार दिसतो.

मैदानात शिरलं की काका आधी डोळे मिटतात. मिनिटभर. आजूबाजूच्या पोरींना वाटतं, आजोबा देवाचं नाव घेतायत. मग डोळे उघडून ते निकाल देतात, "बेस आहे. ट्रेबल कुठाय?" आणि आम्ही चालायला लागतो.

काकांच्या म्हणण्यात शास्त्र असतं, हीच खरी अडचण. साफ चुकीचं बोलत असते तर भांडता आलं असतं. मैदानाच्या मध्याजवळ, स्टेजच्या बरोबर समोर एक मंडप असतो. त्यात साउंड इंजिनिअर कन्सोल घेऊन बसतो. गिटार किती, ड्रम किती, गाणाऱ्याचा गळा किती, हे तो स्वतःच्या कानांनी ठरवतो. म्हणजे आवाज बरोबर लागतो तो त्याच्या कानापाशी, बाकी हजारो लोकांच्या वाट्याला उरलंसुरलं. शिवाय आवाज चालतो सेकंदाला सुमारे ३४० मीटर. शंभर मीटरवर उभं राहिलात तर ड्रमवर पडलेली काठी आधी दिसते आणि पाव सेकंदाहून जास्त उशिरा ऐकू येते. म्हणून मैदानात मध्येच मनोरे उभारून त्यांवर आणखी स्पीकर टांगतात, आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, की दोन्हीकडचा सूर एकदम पोचावा. हे सगळं मला ठाऊक आहे, कारण काकांनी मला ते समजावलंय. ऐन गाण्यात. दर वेळी.

तेव्हा खरी जागा कन्सोलच्या मागे. तिथे गेलं की काकांसारखेच चार-पाच काका आधीच डोळे मिटून उभे असतात, अधूनमधून एक डोळा उघडून एकमेकांकडे संशयाने बघत. पण आमच्या काकांना तिथेही ट्रेबल सापडत नाही. एकदा तर कठड्यावरून वाकून त्यांनी त्या गोऱ्या इंजिनिअरच्या पाठीवर टकटक केलं आणि बोटं वर-वर नाचवत "ट्रेबल, ट्रेबल" अशी खूण केली. त्याने हसून अंगठा दाखवला आणि पुन्हा कामाला लागला. काका आजही सांगतात, त्या शोचा दुसरा अर्धा भाग त्यांच्यामुळे सुधारला.

१७ मे २०२५ ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गन्स एन' रोझेस आले होते. मुळात रेसकोर्स ही काकांना घेऊन जाण्याची जागा नव्हे. घोड्यांच्या हिशेबाने आखलेलं मैदान, त्यात हे सुटले. डावीकडून उजवीकडे, मनोऱ्यापासून मंडपापर्यंत, मंडपापासून खाण्याच्या स्टॉलपर्यंत. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून जे अंतर कापलं, त्यावर कुणीतरी पैसे लावायला हवे होते. 'नोव्हेंबर रेन'मधला स्लॅशचा गिटार सोलो ऐकायला मी इतकी वर्षं थांबलो होतो. तो मी फिरत्या स्वच्छतागृहांच्या रांगेशेजारी ऐकला. तिथे साउंड उत्तम होता, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. काकांनीही डोळे मिटून क्षणभर मान डोलावली. मग म्हणाले, "बरंय. पण वास मध्ये येतो."

रात्री दहाला सगळं बंद होतं. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांपुढे सवाई गंधर्वच्या रात्र रात्र रंगणाऱ्या मैफिलींचं काही चाललं नाही, तिथे स्लॅशचं काय चालणार? त्यामुळे काकांच्या हातात वेळ मोजका असतो आणि त्यातला प्रत्येक क्षण ते चालण्यात सत्कारणी लावतात. एका कन्सर्टला शेवटचं गाणं संपत आलेलं असताना त्यांनी माझा दंड धरला. "हां! इथे! इथे उभा राहा. डोळे मीट." मी मिटले. त्यांनीही मिटले. आम्ही दोघांनी डोळे उघडले तेव्हा स्टेजवर दोन पोरं केबल गुंडाळत होती.

हा छंद मैदानापुरता असता तर तिकिटाच्या किमतीत सोसला असता. पण गणपतीत सोसायटीच्या आरतीला तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा काकांच्या उजव्या कानापासून हातभर अंतरावर झांजा बडवत होता. आवारातली कुत्री उठून रस्त्यावर गेली होती. काकांनी डोळे मिटले, नापसंतीने मान हलवली आणि मंत्रपुष्पांजलीच्या आधी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "झांज मागे पडतेय. जरा तिकडे सरकू." हातातलं तबक सांभाळत आम्ही सरकलो. आमच्यामागे आणखी दोघं सरकले. चौथ्या आरतीपर्यंत अर्धी सोसायटी गणपतीकडे पाठ करून उभी होती.

घरी हॉलमध्ये दोन उंच स्पीकर आहेत. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा लागतो म्हणून काकांनी फरशीवर लाल चिकटपट्टीची फुली मारून ठेवलीय. त्या फुलीवर खुर्ची. मात्र पंख्याचा वाराही नेमका तिथेच लागतो, त्यामुळे घरातली ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने सर्वोत्तम जागा काकूंनी मटार सोलण्यासाठी कायमची घेतलीय. काका सोफ्याच्या टोकाला बसून कुरकुरत ऐकतात.

पाचगणीलाही तेच. फारुख बलसारा नावाचा मुलगा तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच त्याने 'द हेक्टिक्स' हा पहिला बँड केला आणि पुढे तो फ्रेडी मर्क्युरी झाला. लोक पाचगणीला स्ट्रॉबेरी खायला जातात. काकांनी सगळ्या कुटुंबाला त्या शाळेच्या भिंतीबाहेर उन्हात उभं केलं आणि स्वतः डोळे मिटले. "आता काय ऐकताय?" काकूंनी विचारलं. "ऐकत नाहीये. जागा बघतोय."

असा माणूस एवढे कन्सर्ट पाहतो कसा, हा प्रश्न त्यांच्या बँकेलाही पडला असावा. २००७ च्या मार्चमध्ये आयर्न मेडन बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजले. काकांनी रजेच्या अर्जात लिहिलं, मेहुण्याच्या मुलाची मुंज, बंगळूर. उद्यान एक्स्प्रेसने गेले, आले. २००९ च्या फेब्रुवारीत मेडन पुन्हा बंगळूरला आले. पुन्हा मुंज. ३० ऑक्टोबर २०११ ला मेटॅलिका. तेव्हा साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "दिवाळीच्या आठवड्यात मुंज?" काका म्हणाले, "साहेब, ते लोक जरा वेगळे आहेत." मधल्या २००८ सालचं मेडन मुंबईतच, बांद्रा-कुर्ला संकुलात होतं, म्हणून त्या वर्षी बटूला विश्रांती मिळाली. त्या दौऱ्यात बँडचं विमान गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः चालवत आला होता. मला पोचायला दहा मिनिटं उशीर झाला की काका हे ऐकवतात. "तो माणूस विमान चालवत आला रे. तू ठाण्याहून येतोस."

आणि मग रंगभवन. ते येणारच. धोबी तलावाला, सेंट झेवियर्सच्या शेजारचं उघडं नाट्यगृह. १९८६ पासून तिथे ऑगस्टात, भर पावसाळ्यात, 'इंडिपेंडन्स रॉक' व्हायचं. रॉक मशीन, ज्यांचं पुढे इंडस क्रीड झालं, तेव्हा मुंबईच्या कॉलेजकुमारांचं दैवत होतं. परदेशी बँड कॅसेटवर भेटायचे, तेही कुणाच्या तरी दुबईच्या मामाच्या कृपेने. रंगभवनाच्या आसपास कामा, जी. टी. अशी रुग्णालयं. पुढे शांतता क्षेत्राचे नियम आले आणि रंगभवन गप्प झालं. काका ते अशा सुरात सांगतात की ऐकणाऱ्याला रुग्णांचाच राग यावा.

एकदा मी सहज विचारलं, "रंगभवनला कुठे उभे राहायचात? कन्सोलमागे?"

"हट्! कन्सोल बघितलाय कुणी! एकदम पुढे. स्पीकरला पाठ लावून. गर्दी वाढली की डोकंच आत. नंतर तीन-तीन दिवस कानात शिट्टी वाजायची. पैसे वसूल."

हल्लीच्या पोरी कानात लहान रबरी बोळे घालून कन्सर्टला येतात. माझ्या पुतणीने काकांनाही एक जोडी देऊ केली होती. "तोंडाला फडकं बांधून पंगतीला बसण्यासारखं आहे हे," असं म्हणून त्यांनी ती परत केली आणि आम्ही ट्रेबल शोधायला निघालो.

बाकीचं मला काकूंकडून कळलं, मटार सोलता सोलता. टीव्हीचा आवाज इतका वाढायला लागला होता की खालच्या मजल्यावरच्या आजी फोन करून मालिकेत पुढे काय झालं ते काकूंनाच सांगायच्या. शेवटी मुलीने काकांना कान तपासायला नेलं. आलेखाची रेघ बरीचशी सरळ जात होती आणि चार हजार हर्ट्झपाशी, दोन्ही कानांत, विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. मोठ्या आवाजाने खराब झालेल्या कानांची ही ठरलेली खूण, असं तिथल्या ऑडिओलॉजिस्टने सांगितलं. बेस शाबूत. झांजांची चमक, गिटारची वरची धार, बोलण्यातले स आणि श, हे सगळं गेलेलं. कधीपासून? बरीच वर्षं झाली असतील.

"मग काका काय म्हणाले?"

"म्हणाले, त्या केबिनमधले हेडफोन हलके होते."

मला हसू आलं आणि मग आलं नाही. म्हणजे रेसकोर्सवर, बांद्र्याला, आरतीत, पाचगणीच्या भिंतीबाहेर हा माणूस जे शोधत फिरत होता, ते कुठल्याच मैदानात त्याला मिळणार नव्हतं. ते त्याने विशीत रंगभवनच्या स्पीकरला देऊन टाकलं होतं. आणि आम्ही सगळे त्यामागून पायपीट करत होतो. इतक्या वर्षांत एकदाही मला वाटलं नाही की ज्या माणसाला जेमतेम अर्धं गाणं ऐकू येतं, तो उरलेल्या अर्ध्यासाठी एवढा चालतो. मला पूर्ण ऐकू येतं. मी निम्मा वेळ पार्किंगमधून गाडी कशी काढायची याचा विचार करतो.

श्रवणयंत्र आलं. त्याला फोनवरून वर-खाली करता येतं, संगीतासाठी वेगळा प्रोग्रामही असतो. थोडक्यात, काकांना स्वतःचा कन्सोल मिळाला. पहिला आठवडा त्यांनी घरच्यांना जेरीस आणलं. कुकरची शिट्टी फाटते. पेपरची पानं फार कर्कश आहेत. काकूंच्या बांगड्यांना एवढा ट्रेबल असतो हे लग्नाला तीस वर्षं झाली तरी कळलं नव्हतं. यावर काकू म्हणाल्या, "माझं बोलणंही थोडंफार आलं असेल आता."

गेल्या महिन्यात लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या लहानशा क्लबात कुणी पोरं वाजवणार होती. सरासरी वय बावीस. ओळखीचं एकही गाणं नाही. मी काकांना घेऊन गेलो, आणि सवयीने मागे, कन्सोलच्या टेबलाकडे वळलो. काकांनी डोळे मिटले. फोन काढला, पडद्यावर बोट फिरवलं, पुन्हा डोळे मिटले. मी वाट बघत होतो. त्यांनी दोन्ही यंत्रं कानांतून काढली, डबीत ठेवली, डबी माझ्या खिशात टाकली आणि चालायला लागले. नेहमीसारखं आडवं नाही, सरळ पुढे. पोरं वाट देत गेली. टी-शर्टवरच्या एडीला मान होता की पांढऱ्या केसांना, सांगता येत नाही. उजव्या बाजूच्या स्पीकरपाशी पोचल्यावर काकांनी त्याला पाठ टेकली.

मी मागोमाग गेलो आणि त्यांच्या कानात ओरडलो, "काका, कान जातील! इथे काही ऐकू येणार नाही!"

"ऐकायला कोण आलंय?" काका ओरडले, आणि मला पाणी आणायला पिटाळलं.

बाटली घेऊन परत येईपर्यंत गर्दी दाटली होती. पुढे घुसणं शक्य नव्हतं. काकांचं डोकं तेवढं दिसत होतं, ड्रमच्या ठेक्याच्या जरा मागे हलत. मी कन्सोलमागे जाऊन उभा राहिलो. तिथे आणखी दोन काका होते. त्यांच्यातल्या एकाने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि जरा सरकून जागा दिली. साउंड तिथे खरंच फार सुरेख होता.