एकरभर हरळी

अटलांटाच्या उत्तरेला घर घेतलं की घराबरोबर गवत येतं. खोल्या किती, शाळा कुठली, छताला किती वर्षं झाली, हे सगळं आपण पारखून घेतो. गवताची चौकशी कोणी करत नाही. कागदपत्रांत नुसतं 'एक एकर' लिहिलेलं असतं. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. पुण्याच्या बाल्कनीत ज्याची तुळस आणि कोरफड जागेवरून भांडत होत्या, त्याला एकदम चाळीस गुंठे मिळाले की पुढचे काही महिने तो नातेवाइकांना व्हिडिओ कॉलवर फोन गरागरा फिरवून हिरवळच दाखवत बसतो. मग एप्रिल उजाडतो.

एप्रिल ते ऑक्टोबर, दर आठवड्याला कापणी. नाही केली तर वसाहतीच्या समितीचं पत्र येतं. भाषा अत्यंत गोड, मतलब दंडाचा. माणूस लावावा तर तो खेपेला पन्नास-साठ डॉलर घेतो आणि अकरा मिनिटांत निघून जातो. पैसे गेल्याचं दुःख नाही, पण अकरा मिनिटं फार लागतात मनाला. तेव्हा यंत्र घ्यायचं ठरलं, आणि शिकलेल्या मराठी माणसानं यंत्र घ्यायचं ठरवलं की खरेदीच्या आधी अभ्यास येतो.

याच मुहूर्तावर वाळवा तालुक्यातून माझे वडील, म्हणजे अण्णा, आले. त्यांची सारी हयात उसात गेली. अंगणात पाऊल टाकताच ते खाली वाकले, एक कोंब उपटला, निरखला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू घरात साप निघाला आहे.

"आरं, ही तर हरळी!"

खरं होतं. जॉर्जियात ज्याला बर्म्युडा ग्रास म्हणतात आणि ज्याच्या लाद्या ट्रकमधून आणून दारात अंथरतात, ती आपली हरळीच. गणपतीला एकवीस जुड्या लागतात त्या हिच्याच कोवळ्या शेंड्यांच्या. आमच्या शिवारात मात्र उन्हाळी नांगरट झाली की मागून बाया लावून हरळीच्या काशा वेचायच्या, बांधावर वाळवायच्या आणि पेटवून द्यायच्या, असा शिरस्ता. मी अण्णांना सांगितलं की ही साधी नाही, सुधारित आहे. याच राज्यात टिफ्टन नावाच्या गावी शेती संशोधन केंद्र आहे, तिथं ग्लेन बर्टन नावाच्या शास्त्रज्ञानं हिचा संकर करून 'टिफवे' ही जात १९६० साली बाहेर काढली.

"सुधारित म्हणजे? कमी वाढती?"

"नाही, दाट वाढते. आणि लवकर मरत नाही."

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या राहुरीच्या विद्यापीठानं हे केलं असतं तर लोकांनी कुलगुरूला काशा वेचायला लावल्या असत्या."

पण यंत्राच्या दुकानात अण्णा खुलले. तिथं रांगेनं झीरो-टर्न उभे होते: केशरी, लाल, पिवळे. या यंत्राला स्टिअरिंग नसतं. मांडीवर येणारे दोन दांडे असतात, डावा डाव्या मागच्या चाकाचा, उजवा उजव्याचा. प्रत्येक चाकाला आपापला हायड्रोस्टॅटिक पंप आणि मोटर. दोन्ही दांडे पुढं रेटले की यंत्र पुढं, ओढले की मागं, आणि एक पुढं एक मागं केला की जागच्या जागी भोवरा. १९६३-६४च्या सुमारास कॅन्ससमधल्या हेस्टन गावी जॉन रेगियर यांनी हे बनवलं, आणि नव्वद अंशांत वळण्यासाठी अर्धं अंगण फिरून येण्याची अमेरिकन माणसाची वणवण संपली. विक्रेता मोठ्या कौतुकानं हे समजावत होता. अण्णा मध्येच म्हणाले, "ट्रॅक्टरचे दोन ब्रेक सुटे असतात ते काय उगीच? सरीच्या टोकाला एका बाजूचा दाबायचा, की आहे तिथं वळला." मी भाषांतर केलं. विक्रेत्यानं अण्णांचा हात हातात घेऊन हलवला, आणि तिथून पुढं तो माझ्याशी बोललाच नाही.

आता मुख्य पेच. रेसिडेन्शियल घ्यायचं की कमर्शियल? लांबून पाहिलं तर दोन्ही सारखीच. किंमत वाचली की फरक दिसतो. एक साडेतीन हजार डॉलर, दुसरं बारा हजार.

हे जास्तीचे साडेआठ हजार कुठं जातात, तर बहुतेक नजरेआड. खालचं पातं ज्याच्या पोटात फिरतं तो डेक रेसिडेन्शियलला दाबून काढलेल्या पत्र्याचा, कमर्शियलला जाड पाट्या वेल्डिंगनं जोडलेला. जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेजचा आकडा उलटा चालतो: तेरा गेज म्हणजे सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास, सात गेज म्हणजे साडेचार. बायको म्हणाली, "तेरा जास्त आहे ना मग?" त्यावर अण्णांनी दोन्ही डेकवर बोटाच्या पेरानं टकटक करून दाखवलं. एक डबा वाजला, दुसरा वाजलाच नाही. पात्यांच्या स्पिंडलचं घर एकाचं अॅल्युमिनियमचं, दुसऱ्याचं बिडाचं, आणि त्याला ग्रीस भरायला निपल. स्वस्तातल्या यंत्रांचे पंप बहुधा बंदिस्त असतात, तेल बदलायची सोयच नाही, गेला की अख्खा बदला. महागड्याचं तेल बदलता येतं, फिल्टर बदलता येतो. ज्यांना शनिवार कसा घालवावा हा प्रश्न आहे त्यांनी हा मुद्दा जरूर लक्षात घ्यावा.

इंजिनाच्या अश्वशक्तीबद्दल मी विचारलं तर विक्रेता जरा अवघडला. पूर्वी कंपन्या अश्वशक्ती फुगवून सांगतात म्हणून इथल्या ग्राहकांनी खटला गुदरला होता. २०१० साली साडेसहा कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्या पैशांत किती घोडे आले असते याचा हिशेब कोणी मांडला असेल तर तो माझ्या वाचनात नाही. हल्ली बहुतेक जण सीसीवर बोलतात.

तोवर अण्णा कमर्शियलच्या सीटवर बसले होते. त्या सीटला खाली सस्पेन्शन, दोन्ही बाजूंना हात टेकायला गाद्या, डोक्यामागं लोखंडी कमान आणि कमरेला पट्टा. यंत्र उलटलं तर माणूस वाचावा म्हणून ही व्यवस्था. अण्णा उतरेनात. "घ्यायचं तर एकदाच घ्यावं," ते वरूनच म्हणाले.

"पण एवढं लागतंय कशाला?" बायको खालून म्हणाली.

या दोन वाक्यांवर माझं लहानपण गेलेलं आहे. सायकलीपासून प्रेशर कुकरपर्यंत घरात आलेली प्रत्येक वस्तू या दोन वाक्यांच्या मधून वाट काढत आली. तेव्हा दुसरं वाक्य आई म्हणायची. म्हणून मी मध्यस्थी सोडून गणित काढलं.

चाळीस गुंठ्यांतून घर, गाडीरस्ता आणि मागची झाडी वजा केली की गवत उरतं पंचवीस गुंठे. बेचाळीस इंची रेसिडेन्शियल कागदोपत्री तासाला दोन एकर कापतं. साठ इंची कमर्शियल जवळजवळ पाच. पत्रपेटी, झोपाळा आणि मुलांनी टाकलेले बॅट-बॉल यांना वळसे धरले तर एकाला अर्धा तास, दुसऱ्याला पंधरा मिनिटं. म्हणजे साडेआठ हजार डॉलर देऊन मी आठवड्याला पंधरा मिनिटं विकत घेणार. त्या पंधरा मिनिटांचं मी काय करतो हे बायकोला पुरतं ठाऊक आहे. तिनं फक्त माझ्या फोनकडं पाहिलं.

मग आयुष्याचं गणित. कमर्शियल यंत्र नीट राखलं तर दीड-दोन हजार तास चालतं म्हणतात. रोज आठ तास गवत कापणाऱ्या माणसाला ते काही वर्षं पुरतं, आणि ते त्याच्यासाठीच केलेलं असतं. माझा मोसम अठ्ठावीस आठवड्यांचा, आठवड्याला पंधरा मिनिटं, म्हणजे वर्षाला सात तास. दीड हजार भागिले सात. दोनशे चौदा वर्षं. लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून एडविन बडिंग या इंग्रजाला गवत कापायचं यंत्र सुचलं आणि त्यानं पेटंट घेतलं ते १८३० साली. म्हणजे गवत कापायच्या यंत्राची कल्पना निघून अजून दोनशे वर्षं व्हायची आहेत, आणि मी त्याहून जास्त टिकणारं घ्यायला निघालो होतो.

"पणतू चालवंल की," अण्णा म्हणाले.

"पणतूच्या पणतूला न्यावं लागेल, अण्णा," बायको म्हणाली.

रेसिडेन्शियलचं पाचशे तास धरलं तरी पस्तीस वर्षं होतात. पण हा सगळा हिशेब लोखंडाचा. पट्टे, सील आणि टायर तास मोजत नाहीत, ते वर्षं मोजतात, आणि गराजमध्ये नुसती उभी राहिलेली यंत्रंही म्हातारी होतात. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. ते हिवाळाभर टाकीत राहिलं की मार्चमध्ये कार्बोरेटर उघडून साफ करायचा. यात बारा हजारवालं यंत्र साडेतीन हजारवाल्याहून जास्त सोशीक असतं असं मुळीच नाही. दुसरं म्हणजे कमर्शियलचं वजन पाच-सहाशे किलो. पाऊस पडून गेल्यावर जॉर्जियाच्या लाल चिकणमातीवर ते नेलं तर चाकोऱ्या पडतात. हे ऐकून अण्णा थोडे खाली झुकले. मातीशी त्यांचं भांडण नसतं.

खरा निकाल मात्र कुंपणाच्या फाटकानं दिला. आमच्या मागच्या अंगणाचं फाटक अठ्ठेचाळीस इंच. साठ इंची डेक त्यातून जाणं शक्य नाही. अठ्ठेचाळीस इंचीही जात नाही, कारण अठ्ठेचाळीसातून अठ्ठेचाळीस नेताना रंग कोणाचा जातो हे आधी सांगता येत नाही. फाटक मोठं करावं तर समितीला अर्ज, सोबत नकाशा. ही माहिती दुकानाच्या कुठल्याही पत्रकावर नव्हती. घरून टेप घेऊन निघणाऱ्या बायकोकडं ती होती.

आणि मग उतार. मागं ओढ्याकडं जमीन घसरत जाते. झीरो-टर्नची पुढची चाकं मॉलमधल्या ट्रॉलीच्या चाकांसारखी, नुसती मागोमाग फिरणारी. वळणं आणि थांबणं ही दोन्ही कामं मागच्या चाकांची. ओल्या उतारावर मागची चाकं घसरली की सुकाणू गेलं आणि ब्रेकही गेला, उरला फक्त ओढा. म्हणून बहुतेक पुस्तिकांत लिहिलेलं असतं की पंधरा अंशांपेक्षा जास्त उतारावर नेऊ नका. फोनवर मोजलं तर आमचा उतार वीस अंश. मी विक्रेत्याला विचारलं, बारा हजारवालं किती अंशांवर जातं? पंधरा. आणि साडेतीन हजारवालं? पंधरा. अमेरिकेत गरीब-श्रीमंतांत इतकी समानता मी दुसरीकडं पाहिली नाही. उतारासाठी हातानं ढकलायचं यंत्र आहेच, ते मी ढकलतो.

बेचाळीस इंची रेसिडेन्शियल घरी आलं. जागच्या जागी गिरकी घेताना आतलं चाक हरळी मुळासकट पिळून काढतं, म्हणून टोकाला तीन टप्प्यांत वळायचं असतं. पुढं, जरा मागं, पुन्हा पुढं. म्हणजे शून्य त्रिज्येचं यंत्र घ्यायचं आणि शून्य त्रिज्येत वळायचं नाही. अण्णा पहिल्याच खेपेला सरळ रेघा मारत गेले. मला अजून जमत नाही. समितीचं पत्र नागमोडी रेघांबद्दल काही म्हणत नाही, एवढाच दिलासा.

शेजारी एक निवृत्त अमेरिकन गृहस्थ राहतात. त्यांची जमीन अर्धा एकर आणि यंत्र कमर्शियल, साठ इंची, कमानीसकट. ते पट्टा बांधतात, कानाला आवाज रोखायची कानटोपी लावतात, आणि बांधलेला पट्टा नीट बसतोय न बसतोय तोच त्यांचं गवत संपतं. मग ते हद्दीवर यंत्र थांबवून आमच्या पुढच्या अंगणाकडं पाहत राहतात. एका शनिवारी त्यांनी विचारलं, तुमची हरकत नसेल तर एवढी पुढची बाजूही करू का, नाहीतरी इंजिन गरम झालंच आहे. हरकत कसली असणार? तेव्हापासून पुढची बाजू त्यांची. मागची माझी, कारण ते फाटकातून मावत नाहीत. माझ्या यंत्राचं आयुष्य यामुळं सत्तर वर्षांवर गेलं आहे.

अण्णा पायरीवर बसून हे सारं पाहत होते. गृहस्थ हात हलवून निघून गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"किती घेतो?"

"काही नाही. फुकट करतो."

"आपल्याकडं ट्रॅक्टरवाला एकराच्या हिशेबानं मोजून घेतो. ह्यो डिझेल जाळून फुकट करतोय?" अण्णांनी आवाज खाली आणला. "हद्दीचे दगड एकदा बघून ये."