घरकाम (हजीरा विभाग)

घरकाम हा हजिऱ्यातील एकमेव असा प्रकल्प आहे, ज्याला शटडाउन नाही. तापीच्या मुखाशी उभे असलेले खत, पोलाद आणि वायूचे कारखाने देखभालीसाठी अधूनमधून बंद ठेवले जातात. त्यासाठी कित्येक महिने आधीपासून बैठका होतात, तक्ते लागतात. घरकामाची देखभाल मात्र चालू यंत्रावरच होते. अंगात कणकण असली तरी कणीक मळली जाते.

येथील मराठी मनुष्यबळ बहुतांशी खानदेशातले. जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसे तापी खोऱ्यातल्या रेल्वेने आधी सुरतेच्या मागांवर आली; ऐंशीच्या दशकात हजिऱ्यात कारखाने उभे राहू लागले तेव्हा काही तिकडे वळली. काही कुटुंबे कंपनीच्या वसाहतीत राहतात, बरीच उधना, लिंबायत, दिंडोलीत. पुरुषाच्या पाळीला अक्षर असते : ए, बी किंवा सी. बाईच्या पाळीला अक्षर नाही, कारण ती बदलतच नाही. ए पाळीचा माणूस सकाळी सहाला गेटवर हवा, म्हणजे बस पावणेपाचला नाक्यावर, म्हणजे डबा साडेचारला भरलेला, म्हणजे कुकर चारला गॅसवर. या गणितातली पहिली वेळ हजेरीपटावर चढते, शेवटची चढत नाही.

सर्वांत अवघड सी पाळी. रात्रभर जागलेला कर्ता पुरुष सकाळी आठला झोपतो आणि घरात संचारबंदी लागू होते. दारावरची बेल बंद होते. मिक्सरला बंदी, खलबत्त्याला त्याहून कडक बंदी. त्यामुळे ठेचा आदल्या रात्रीच कुटून ठेवावा लागतो. वॉशिंग मशीन धुते, पण पिळायची वेळ आली की थांबवले जाते. कुकरची शिट्टी वाजायच्या बेतात असताना चिमट्याने हळूच उचलून वाफ सोडण्याची कला या भागातील बायकांना साधलेली आहे. कारखान्यात कुणी असे करताना दिसला तर ‘नियर मिस’ म्हणून नोंद होऊन चौकशी बसेल. घरात ती गृहकृत्यदक्षता ठरते.

पुरुषाला ही कामे येत नाहीत, असा समज आहे. तो निराधार आहे. प्लांटमध्ये तोच माणूस सांडलेले तेल पुसतो, पाना वापरून झाला की जागेवर टांगतो, आणि पाळी बदलताना पुढच्याला बारीकसारीक सांगून वहीत सही केल्याशिवाय हलत नाही. घरात हीच सही चहाच्या कपाच्या रूपाने खिडकीच्या कट्ट्यावर उमटलेली सापडते. येथे एक तपशील ध्यानात घ्यावा. हजीरा हे देशाच्या वायुवहनाचे एक उगमस्थान आहे. मुंबईजवळच्या समुद्रातला गंधकयुक्त वायू येथे शुद्ध होतो, आणि 1984 मध्ये स्थापन झालेल्या गेलने टाकलेल्या हजीरा–विजयपूर–जगदीशपूर वाहिनीतून थेट उत्तर प्रदेशापर्यंत जातो. दाब जरा घसरला तरी पॅनेलवर बसलेल्या माणसाच्या लगेच लक्षात येते. स्वतःच्या ओट्याखालचा सिलिंडर संपत आल्याचे मात्र त्याला सांगावे लागते. मग तो वाकून सिलिंडर हलवतो आणि तज्ज्ञाच्या सुरात निदान करतो, ‘अजून दोन दिवस जाईल.’ ज्वाला त्याच संध्याकाळी, फोडणी तडतडत असताना विझते.

आकडेवारी पाहता हा दोष एकट्या हजिऱ्याचा नव्हे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळवापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणारी स्त्री त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवत होती, पुरुष 97. हे 97 सुद्धा फक्त जे पुरुष काही करतात त्यांचे. असे पुरुष शेकड्याला सव्वीस. 2024 च्या पाहणीत स्त्रियांची मिनिटे 289 वर आली. ती दहा मिनिटे पुरुषांनी उचलली असतील अशी आशा धरून पुढचा रकाना पाहावा, तर तेही 97 वरून 88 वर उतरलेले. उरलेली भांडी कुणी घासली, याचा खुलासा आकड्यांत नाही.

पुरुषाच्या सहभागाला ‘मदत’ म्हणतात. मदत प्रायः साप्ताहिक सुट्टीला आणि शेवभाजीच्या रूपाने होते. शेवभाजीला एक कढई पुरते. मदतीला पाच पातेली, दोन झारे आणि सगळे चमचे लागतात. मसाला कुठे, खोबरे कुठे, तेल किती, हे विचारत ती तयार होते, म्हणजे चूल एकाची आणि स्वयंपाक दोघांचा. गावाकडे फोनवर वार्ता पोहोचते तेव्हा सासूबाईंना भाजीपेक्षा पुढच्या शक्यतेचीच धास्ती वाटते : ‘मना आंडोर भांडा घासस?’ (माझा मुलगा भांडी घासतो?) तशी वेळ येत नाही. भांडी सोमवारपर्यंत भिजत घातलेली असतात.

सेवानिवृत्तीनंतर व्यवस्थेत बदल होतो. शाल-श्रीफळ घेऊन आलेला पुरुष दुसऱ्या दिवसापासून घरात जनरल पाळीला हजर असतो. चहाची मागणी वाढते. मग त्याला प्लांटमधली शिस्त आठवते आणि तो स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवतो : तूर, मूग, जिरे, मोहरी. डबे घासायला काढले की चिठ्ठ्या भिजून निघतात. तेव्हा ‘या घरात सिस्टीम पाळली जात नाही’ असा शेरा मारून तो पेपर उघडतो.