वजनदार भविष्य

मुष्टियुद्धातील युवा गटात, म्हणजे 17 व 18 वर्षांच्या खेळाडूंच्या गटात, महाराष्ट्राने भविष्यकाळाची वाट पाहिलेली नाही, कारण नागपूरच्या अल्फिया पठाण हिने 2021 मध्ये पोलंडमध्ये 81 किलोंवरील, तर पुण्याच्या देविका घोरपडे हिने 2022 मध्ये स्पेनमध्ये 52 किलो वजनगटात जागतिक सुवर्णपदक मिळवले. वजनगट म्हणजे समान वजनाच्या खेळाडूंनाच परस्परांशी लढवणारी न्याय्य व्यवस्था. तिचा न्याय इतका काटेकोर की, 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमधील महिलांच्या 50, 54, 57, 60, 66 आणि 75 किलो या सहा गटांत या दोन्ही सुवर्णगटांना जागाच नव्हती. वजनाच्या अशा शास्त्राशी झुंजण्यासाठी लोणावळ्यातील होतकरू मुष्टियोद्ध्याने, चिक्कीच्या दुकानांच्या रांगेतून वजन सांभाळत, सरावाला लोकलने पुणे गाठावे हे क्रमप्राप्त ठरते. त्याच्या मावळ तालुक्यातील चौकाचौकांत त्याला ‘भावी जगज्जेता’ घोषित करणाऱ्या फलकांवरील शुभेच्छुकांना मात्र ना वयोगटाची अट असते, ना वजनकाट्याची, आणि एकही ठोसा न खाता त्यांचे छायाचित्र खेळाडूच्या छायाचित्राहून मोठे छापले जाते.