न येण्याचा हमीभाव

2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. होता म्हणजे कागदावर होता. वाशीम जिल्ह्यातल्या कारंजाच्या बाजार समितीत पोती उतरवली की व्यापारी आधी ओलावा बघतो, मग आभाळाकडे बघतो आणि मग जो भाव सांगतो, तो खरा. पण त्याच तालुक्यातल्या आमच्या कामरगावच्या शेतकऱ्याने खचून जाऊ नये. या राज्यात एक भाव असा आहे की तो ओलाव्याने पडत नाही, परदेशी तेल आल्याने पडत नाही आणि त्याच्यासाठी रास्ता रोकोही करावा लागत नाही. तो भाव आहे डॉक्टरने खेड्यात न येण्याचा.

दर असा चालत आला आहे. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष शासकीय सेवा करायची, असं बंधपत्र त्याने आधीच लिहून दिलेलं असतं. नाही केली तर 10 लाख. एमडी, एमएस होऊन नाही केली तर 50 लाख. त्याच्याही वर जाऊन हृदयाचा किंवा मेंदूचा अतिविशेषज्ञ झाला आणि नाही केली, तर 2 कोटी. म्हणजे साधा डॉक्टर न येणं स्वस्त, मोठा डॉक्टर न येणं महाग. कामरगावला दोन्हींमधला फरक अजून नीट कळलेला नाही, कारण न आलेली माणसं सगळी सारखीच दिसतात.

10 लाख म्हणजे वरच्या हमीभावाने 204 क्विंटल सोयाबीन. शेतकऱ्याला आकडा ऐकून घाम फुटेल. पण डॉक्टर होणाऱ्या पोराच्या बापाने हिशेब वेगळा मांडलेला असतो. अभिमत विद्यापीठात एमबीबीएसच्या एकाच वर्षाला 10 लाखांहून जास्त मोजावे लागतात. सरकारी महाविद्यालयात बहुतेक शिक्षण जनतेच्या पैशाने, आणि शेवटी त्या एका वर्षाच्या फीपेक्षाही कमी रकमेत खेड्यापासून कायमची सुटका. यात कोणाची चूक काढायची? बाप हुशार, पोरगा त्याहून हुशार आणि सरकार सगळ्यात हुशार. शिक्षणाचा खर्च करतानाच त्याने मान्य केलं की गाव ही एक शिक्षा आहे आणि दंड भरला की ती टळते.

अर्थात सगळेच काही दंड भरत नाहीत. काही येतात. बॉण्डवाला डॉक्टर आला ही बातमी पानठेल्यावर आधी कळते, दवाखान्याला मागाहून. पोरगं पंचविशीतलं, अंगाने किरकोळ, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात नीट-पीजीची जाडजूड पुस्तकं. त्याला क्वार्टर दाखवलं जातं. पाऊस पडला की त्या क्वार्टरमध्ये बाहेरच्यापेक्षा आत जास्त पाणी असतं. पहिल्या महिन्यात ओपीडीतली म्हातारी सांगते, ‘‘डोकं गरगरून रायलं बाप्पा, अन् हातापायाले मुंग्या येऊन रायल्या.’’ मुंबईत शिकलेलं पोरगं क्षणभर जमिनीकडे बघतं. आठव्या महिन्यात त्याला म्हातारीची भाषा येते. कोणाच्या घरी साखरेचा आजार आहे, कोण बीपीची गोळी पोळ्याला बंद करतो आणि दिवाळीला पुन्हा सुरू करतो, हे पाठ होतं. मग बॉण्ड संपतो. नवा येतो आणि जमिनीकडे बघतो.

या पोराला शिव्या घालणं सोपं आहे, म्हणून सगळे घालतात. त्याच्या जोडीला आणखी चार पोरं दिली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न कोणी विचारत नाही. अडलेल्या बाईचं सिझेरियन करायचं तर शस्त्रक्रिया करणारा लागतो, भूल देणारा लागतो, बाळ बघणारा लागतो, वेळेला रक्त लागतं. यातलं एक जरी नसलं तरी उरलेल्या तिघांनी मिळून करायची गोष्ट एकच: केसपेपरवर ‘रेफर’ लिहायचं आणि 108 ला फोन लावायचा. अकोल्याचं सर्वोपचार किंवा अमरावतीचं डफरीन, दोन्हींचे रस्ते इकडच्या पोटुशा बायांना नकाशाशिवाय ठाऊक आहेत.

दंडाने भागत नाही म्हटल्यावर सरकारने तुरुंग काढला. सप्टेंबर 2019 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एका विधेयकाच्या मसुद्याला मंजुरी दिली. एमबीबीएसच्या 10 टक्के आणि पदव्युत्तरच्या 20 टक्के जागा ग्रामीण सेवेची हमी देणाऱ्यांसाठी राखायच्या. सेवा अनुक्रमे सात आणि पाच वर्षं. शब्द मोडला तर पदवी रद्द आणि पाच वर्षांपर्यंत कैद. मसुदा करणाऱ्याने एक बारीक गोष्ट लक्षात घेतली नसावी. जेलमध्ये दवाखाना असतो, औषध असतं, छत गळलं तर दुरुस्तीला माणूस येतो. डॉक्टरपुढे हा पर्याय ठेवला आणि त्याने शांतपणे दोन्ही ठिकाणं पाहून घेतली, तर पंचाईत व्हायची.

मग दत्तक योजना आली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2021-22 च्या तुकडीपासून एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला किमान तीन कुटुंबं दत्तक घ्यायला लावली. हेतू चांगला आहे, पोरांना पहिल्या वर्षापासून खेडं दिसतं. पण आमच्याकडच्या एका काकांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते गंभीर झाले. म्हणाले, ‘‘एकोणीस वर्साच्या पोट्ट्यानं आमाले दत्तक घेतलं, ठीक हाय. पन मंग माह्या वावराचा सातबारा कोनाच्या नावानं लागते?’’ आयोगाच्या नियमावलीत याचा खुलासा नाही.

आणि आता तर आम्हाला खुद्द महाविद्यालयच मिळालं. 9 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीने राज्यातल्या दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन केलं, त्यात वाशीम होतं. 100 विद्यार्थी आणि 430 खाटांचं रुग्णालय, असा मंजुरीचा आकडा. 1998 मध्ये अकोल्यातून वेगळा निघालेला, नीती आयोगाच्या आकांक्षित यादीत बसलेला जिल्हा, त्याची आकांक्षा अशी एका बटणावर पूर्ण झाली. साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे पहिली तुकडी 2030 च्या सुमारास बाहेर पडेल आणि बॉण्ड त्यानंतर. तोवर कामरगावकरांनी आजार पुढे ढकलावेत. फारच निकड असेल तर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेलाच आहे. त्यावरून मुंबई-नागपूरचे मोठमोठे डॉक्टर ताशी 120 च्या वेगाने जातात. आरोग्यसेवा गावाच्या इतक्या जवळून याआधी कधी गेली नव्हती.

खरं म्हणजे हे कोडं सोडवायला फार लांब जावं लागत नाही. वर्ध्याजवळ सेवाग्रामला 1969 मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय काढलं. खर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा, पाव राज्याचा, पाव कस्तुरबा हेल्थ सोसायटीचा. तिथे पदव्युत्तर प्रवेश हवा असेल तर आधी दोन वर्षं खेड्यात काम करायचं, असा शिरस्ता बसवला. म्हणजे गाव ही शिक्षा ठेवली नाही, पुढच्या शिक्षणाचं दार केलं. जपानने 1972 मध्ये जिची नावाचं वैद्यकीय विद्यापीठ काढलं, ते आणखी पुढे गेलं. तिथला प्रत्येक प्रांत दरवर्षी आपलीच दोन-तीन पोरं निवडून पाठवतो, आणि नऊ वर्षं आपल्याच प्रांतात नोकरी केली की फी माफ. बहुतेक पोरं करार पाळतात, कारण परत जायचं ते आपल्याच मुलखात. आमचं सरकार याचा अभ्यास नक्की करील. शिष्टमंडळ जपानला जाईल. सेवाग्रामला जाणार नाही, वर्ध्याचा प्रवासभत्ता फार कमी निघतो.

तोवर कामरगावच्या ग्रामसभेसाठी माझ्याकडे एक ठराव तयार आहे. न आलेल्या डॉक्टरचा दंड सरकारी तिजोरीत जातो आणि ज्या गावाला तो आला नाही त्या गावाला त्यातला छदामही मिळत नाही, हा अन्याय आहे. सोयाबीन आमच्या शेतात पिकतं तर पैसे आमच्या खात्यात येतात. डॉक्टरचं न येणंसुद्धा आमच्याच शिवारात पिकतं, वर्षानुवर्षं, बिनखताचं. ते पैसे थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात जमा व्हावेत. केवायसी करून देऊ.

ठराव पानठेल्यावर वाचून दाखवला तर काकांनी मध्येच थांबवलं. ‘‘दहा लाखाचा काऊन मांगता लेका? एमबीबीएसवाला नोको. आपल्या वाट्याले तो दोन कोटीवाला मांग. हार्टचा. तो तं पक्का येत नाही.’’

दुरुस्ती एकमताने मंजूर झाली. एकाने शंका काढली की समजा, चुकून तो आलाच तर?

‘‘आला तं आला,’’ काका म्हणाले. ‘‘त्याले केसपेपर काढून देऊ, अन् अकोल्याले रेफर करू.’’